न्हाणीघरात कोणते झाड ठेवावे?

न्हाणीघर हा काही शाळेच्या वार्षिकात लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे आमच्या काही मित्रांचे म्हणणे पडले. दिवाणखान्याविषयी लिहावे, देवघराविषयी लिहावे, फार तर स्वयंपाकघराविषयी लिहावे. परंतु न्हाणी ही घराची मागची बाजू, तिची चर्चा चारचौघांत कशाला? आमचे मत निराळे आहे. अलीकडे आपल्या इंदुरात न्हाणीघरात कुंड्या ठेवण्याची हौस बरीच वाढली आहे. नर्सरीतून मोठ्या उत्साहाने झाड आणावे, साबणाच्या वडीशेजारी ते मांडावे, आणि दोन महिन्यांनी त्याचा सांगाडा उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकावा, असा क्रम आम्ही अनेक घरांत पाहिला आहे. आमच्या स्वतःच्या घरीही पाहिला. ज्या हौशीपायी एका सजीवाचा बळी जातो, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हास मुळीच अप्रस्तुत वाटत नाही.

आमच्या घरची हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक नेचा, ज्याला नर्सरीवाले फर्न म्हणतात तो, विकत आणून वऱ्हांड्यात टांगला. पावसाळा आणि हिवाळा त्याने मोठ्या आनंदात काढला. मग एप्रिल उजाडला आणि माळव्याचे ऊन तापू लागले. आम्ही दिवसातून दोनदा पाणी घालीत होतो. तरीही पानांच्या कडा करपू लागल्या, आणि मे महिन्याच्या मध्यास त्या पानांना हात लावताच चुरा होऊ लागला. आजीने ती कुंडी रिकामी करण्यासाठी उचलून न्हाणीच्या खिडकीखाली नेऊन ठेवली. पुढे घरात लग्नाची गडबड सुरू झाली आणि कुंडी तेथेच राहून गेली. येणाऱ्याजाणाऱ्याचे चार शिंतोडे तिच्यावर उडत, तेवढेच काय ते तिचे पाणी. तीन आठवड्यांनी पाहतो तो त्या मेलेल्या कुंडीतून गोगलगाईच्या शंखासारखे गुंडाळलेले पाच-सहा हिरवे कोंब वर आले होते!

वऱ्हांड्यात मिळाले नाही असे न्हाणीत त्याला काय मिळाले? पाणी म्हणावे, तर ते वऱ्हांड्यातच अधिक मिळत होते. खरे कारण हवेत होते. आपल्या गावी उन्हाळ्याच्या दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपते. अशी कोरडी हवा पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे झाडातील पाणी इतक्या वेगाने ओढून घेते की, मुळे भिजलेली असूनही पाने तहानेने मरतात. नेच्याची पाने पातळ, आणि कोरड्या वाऱ्यापुढे तो अगदी दुबळा. न्हाणीघरात मात्र सकाळी चार माणसांच्या आंघोळी होतात, भिंती ओल्या राहतात, लू आत शिरत नाही. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या पाहुण्यांना या गोष्टीचे नवल वाटते. आमची मावशी मडगावास असते. तिच्या ओसरीवरचे नेचे कोणी न विचारता वाढतात, आणि तेथे दमट न्हाणीत झाड ठेवले तर त्यावर बुरशी चढते. तेव्हा न्हाणीतील झाड ही खरी सोय आहे ती इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या, उन्हाळा कोरडा असणाऱ्या गावांची.

हा शोध लागल्यावर आमचा उत्साह दुणावला, आणि तेथेच आम्ही चुकलो. दमट हवा झाडांना मानवते ना? मग सगळीच झाडे न्हाणीत नेऊ, असे आम्ही ठरविले. कोरफड नेली, ती महिन्याभरात बुडापासून कुजली. आणखी एक नेचा आणून वरच्या मजल्यावरील नव्या, गुळगुळीत फरश्यांच्या न्हाणीघरात ठेवला. या न्हाणीघराला खिडकी नाही, केवळ एक पंखा आहे. तो नेचा फिकट होत होत, लांबत लांबत, अखेरीस आडवा झाला. तुळशीचे रोप नेत असताना मात्र आजीने आम्हास दारातच अडविले. “अरे, तुळस काय न्हाणीत ठेवतात? तिला ऊन लागतं, आणि मानही लागतो,” असे ती म्हणाली. मानाचा मुद्दा ज्याने त्याने ठरवावा. उन्हाचा मुद्दा शास्त्रशुद्ध होता.

आमच्या चुकीचे मूळ सांगतो. न्हाणीतील झाडांविषयी जो तो दमटपणाचीच गोष्ट करतो. उजेडाची करीत नाही. परंतु झाड दमटपणा खाऊन जगत नाही, ते उजेडावर जगते. जुन्या विहिरींच्या आतील दगडी सांध्यांतून हंसराज नावाचा नाजूक नेचा उगवलेला पुष्कळांनी पाहिला असेल. काळ्या तारेसारखे त्याचे देठ असतात, आणि पानांवर पाण्याचा थेंब ठरत नाही. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच मुळी ‘न भिजणारा’ असा आहे. या हंसराजाला विहिरीत सावली मिळते, गारवा मिळतो, अहोरात्र ओल मिळते. हे सारे न्हाणीघरातही मिळेल. परंतु विहिरीला छप्पर नसते! वर पाहिले की आकाशाचा एक उघडा तुकडा असतो, आणि त्या तुकड्यातून दिवसभर उजेड खाली झिरपत असतो. न्हाणीघर म्हणजे छप्पर घातलेली विहीर. तिला खिडकी किती, यावरच तिच्यातील झाडाचे आयुष्य ठरते.

हेच एका इंग्रज डॉक्टरच्या प्रयोगातही दिसते. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे एक वैद्यक व्यावसायिक राहत. धुराने काळवंडलेल्या त्या शहरात त्यांनी लावलेले नेचे जगत नसत. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका झाकलेल्या बाटलीत ओलसर मातीत पतंगाचा कोश ठेवला होता. कोशाचे काय व्हायचे ते होवो, पण त्या मातीतून एक नेचा आपोआप उगवला आणि बाटलीतील ओलीवर सुखाने वाढू लागला. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या बनविल्या, आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे सिडनीपर्यंतचा समुद्रप्रवास करून जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आणली तीही अशाच पेट्यांतून. आज आपण सकाळी जो पेला तोंडाला लावतो, त्यात त्या पेटीचाही वाटा आहे. पण ध्यानात घ्यावे ते हे की, पेटी काचेची होती. लाकडी खोक्यात तितकीच ओल कोंडून ठेवली असती, तर सिडनीस केवळ खत पोचले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, नर्सरीत पाऊल टाकण्यापूर्वी आपल्या न्हाणीची परीक्षा घ्यावी. ती सोपी आहे. दुपारी बारा वाजता विजेचा दिवा बंद करून, कुंडी जेथे ठेवावयाची तेथे पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड स्पष्ट उमटली, तर उजेड चांगला. सावली नुसती पुसट दिसली, तर मोजकीच झाडे तग धरतील. सावली पडलीच नाही, तर त्या जागी झाड ठेवू नये; तेथे तांब्या ठेवावा. आपला डोळा अंधाराशी चटकन जुळवून घेतो व आपणास फसवितो. कागद फसवीत नाही. आंघोळीपुरता दहा मिनिटे लागणारा दिवा झाडाच्या काही कामाचा नाही.

उजेड चांगला असेल, तर नेच्याइतके शोभिवंत दुसरे काही नाही; त्याची माती तेवढी कधी पुरती वाळू देऊ नये. नर्सरीतील हंसराजही तेथे जगेल, परंतु तो मानी आहे. एकदा कोरडा पडला की रुसतो. मध्यम उजेडात मनीप्लांट, सिंगोनियम व पीस लिली ही झाडे बरी. ही तिन्ही मूळची उष्ण कटिबंधातील दमट जंगलांची, मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढणारी; म्हणून त्यांना आपली न्हाणी परकी वाटत नाही. पीस लिलीचा एक गुण आम्हास फार आवडतो. तिला तहान लागली की ती सगळी पाने खाली टाकते, आणि पाणी मिळाले की काही तासांत पुन्हा ताठ होते. इतके स्पष्ट बोलणारी झाडे थोडी. मात्र पाने पाडलेली दिसत असून माती ओली लागली, तर तहान नव्हे, मुळे कुजली आहेत असे समजावे. स्नेक प्लांटची शिफारस सगळेच करतात. तो अंधुक जागी तग धरतो हे खरे. पण तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. त्याला न्हाणीचा दमटपणा लागत नाही, आणि हिवाळ्यात त्याची माती ओली राहिली की तो आतून सडतो. त्याला दिवाणखान्यातच सुखाने राहू द्यावे.

अंधुक न्हाणी असलेल्यांनी अगदीच निराश व्हावे असे नाही. सारख्या दोन कुंड्या कराव्यात. एक पंधरा दिवस न्हाणीत, दुसरी त्या काळात वऱ्हांड्याच्या सावलीत, आणि मग अदलाबदल. आमच्या शेजारच्या काकूंनी सिंगोनियमच्या दोन कुंड्या अशा रीतीने दोन वर्षे टवटवीत राखल्या आहेत.

आता काही गोष्टी स्पष्टच सांगितल्या पाहिजेत. झाडे न्हाणीची हवा शुद्ध करतात, ओल शोषून घेतात, असे विक्रेते सांगतात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून ही समजूत पसरली. २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांची पुन्हा छाननी केली, तेव्हा असे दिसले की साध्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील. म्हणजे न्हाणीत झाडेच राहतील, माणसाला आंघोळीस जागा उरणार नाही. हवा शुद्ध करते ती खिडकी. आणि झाडाला दमट हवा मिळावी म्हणून कोणी ती खिडकी बंद करीत असेल, तर त्याला हात जोडून थांबवावे. जेथे गॅसचा गीझर आहे, तेथे बंद न्हाणीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यापायी माणसे दगावली आहेत. झाडासाठी माणसाचा जीव धोक्यात घालावा असे कोणते झाड अजून उगवलेले नाही.

मनीप्लांट बाटलीत ठेवणाऱ्यांनी त्यातील पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलून बाटली आतून घासून काढावी. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. कुंडीखालच्या बशीलाही हेच लागू. तसेच मनीप्लांट, सिंगोनियम आणि पीस लिली ही सारी आपल्या अळवाच्या कुळातली. कच्च्या अळवाने घशाला खाज सुटते ती ज्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेच यांच्याही पानांत असतात. आणि अळवाला निदान चिंच व शिजवणे हा उतारा आहे. घरात रांगते मूल असेल तर कुंडी उंच कोनाड्यात असावी. ज्या दिवशी न्हाणी ॲसिडने किंवा फिनेलने धुतली जाते, त्या दिवशी तिला बाहेरची हवा दाखवावी.

पाण्याविषयीही एक शब्द. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी १९७८ पासून जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर तोडून, घाट चढून येथवर येते. ते झाडांवर ओतण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. न्हाणीत माती लवकर वाळत नाही. आमच्या पाहण्यात तेथील झाडे तहानेपेक्षा अतिलाडाने अधिक मेली आहेत.

आजीला हे सारे वाचून दाखविले. तिचे माहेर देवासचे. तेथील न्हाणीत तांब्याचा बंब असे, भिंती धुराने काळ्या असत, आणि आत झाड ठेवण्याची कल्पनाही कोणाच्या मनात आली नसती. परंतु न्हाणीचे पाणी पन्हळीने परसात जाई आणि त्यावर अळू, कर्दळ व दोन केळी वर्षभर हिरव्या राहत. “आमच्या वेळी न्हाणी झाडाकडे जायची, आता झाड न्हाणीत येतं,” असे ती म्हणाली, आणि चश्मा काढून ठेवला. परस गेला, फ्लॅट आला, त्याला झाडे तरी काय करणार?

तो पहिला नेचा अजून आहे. मृग लागला की आम्ही त्याला वऱ्हांड्यात काढतो, आणि होळी झाली की आत नेतो. सध्या तो वऱ्हांड्यातच आहे. न्हाणीच्या खिडकीची काच मात्र आजीने आजच धुऊन घेतली.