गायकाने केवळ गावे काय?

‘गायकवृंदाने गावे, न्याय-अन्यायाची चर्चा इतरांवर सोपवावी’, असा उपदेश आपल्या धर्मग्रामांतून वारंवार कानी येतो. दलितांच्या, आदिवासींच्या दुःखाचा उल्लेख असलेले एखादे गीत मिस्सात म्हटले गेले, की ‘देवळात राजकारण नको’ ही तक्रार ठरलेलीच. तक्रार करणाऱ्यांच्या भक्तिभावाविषयी आम्हांस शंका नाही. त्यांचे मत मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही. ते का, हे सांगण्यासाठी आम्ही मेरी लू विल्यम्स या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॅथलिक संगीतकर्तीचे उदाहरण वाचकांपुढे ठेवतो.

मेरी लू यांचा जन्म १९१० सालचा, अटलांटा शहरातला. बालपण पिट्सबर्गमध्ये गेले. तेथे शेजारच्या गोऱ्यांनी त्यांच्या घरावर विटा फेकल्या. पुढे या मुलीचा पियानो ऐकण्यासाठी त्याच शेजाऱ्यांनी तिला आपल्या घरी बोलावले. ‘पाहा, कला माणसे जोडते’, असे म्हणून आपण येथेच थांबतो. पण त्या पियानोने विटा थांबल्या, तरी काळ्यांना वेगळे बसविणारे कायदे कित्येक दशके तसेच राहिले. नुसत्या मधुर सुरांनी अन्याय दूर होत नाही, हे ज्यांना अनुभवाने कळले त्यांत मेरी लू होत्या.

ड्यूक एलिंग्टन, बेनी गुडमन यांसारख्या दिग्गजांच्या वाद्यवृंदांसाठी त्यांनी संगीतरचना केल्या. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’त त्या वादन करीत. काळे आणि गोरे श्रोते तेथे एकत्र बसत, आणि त्या काळी ही गोष्ट दुर्मीळ होती. त्याच सुमारास त्या रेडिओवर साप्ताहिक कार्यक्रम करू लागल्या. पुढे त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनीही काढली. आपला आवाज लोकांपर्यंत कोणाच्या मर्जीने पोहोचतो, हा प्रश्नही न्यायाचाच असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९५४ साली त्यांनी रंगमंच सोडला आणि त्या प्रार्थनेत रमल्या. १९५७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. संगीत हीच तुमची प्रार्थना आहे, असे सांगून त्यांना पियानोकडे परत धाडणारे धर्मगुरूच होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. १९५८ साली व्यसनाधीन संगीतकारांच्या मदतीसाठी त्यांनी संस्था स्थापन केली आणि निधीसाठी जुन्या वस्तूंचे दुकान चालविले. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी मार्टिन डी पोरेस यांना संतपद दिले, तेव्हा मेरी लू यांनी त्यांच्यावर स्तोत्र रचले. पेरूतील या मिश्रवंशीय धर्मबंधूला वंशामुळे मठाचे पूर्ण सदस्यत्व प्रारंभी नाकारले गेले होते. रचनेसाठी नेमका हाच संत निवडणे ही भक्ती होती की राजकारण? तक्रारदारांनी उत्तर द्यावे.

कोणी म्हणेल, जॅझ हे मद्यालयातले संगीत, त्याचे वेदीशी नाते काय? गुलामांच्या यातनांतून हे संगीत जन्मले, असे मेरी लू आयुष्यभर सांगत राहिल्या. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थही त्यांनी गीते रचली. व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाच्या सूचनेवरून त्यांनी मिस्साचे संगीत रचले, आणि १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये ते मिस्साच्या वेळीच गायिले गेले. ख्रिस्तसभेने जे वेदीपाशी आणले, ते बाहेर घालविण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

‘वर्णभेद हा अमेरिकेचा प्रश्न’, हा शेवटचा बचाव. २०१६ साली भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि आपल्याच ख्रिस्तसभेत जातिभेद असल्याची कबुली दिली. आता हा प्रश्न दूर देशाचा म्हणण्याची सोय उरलेली नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे नवे वाटूच नये. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापले, ते श्रद्धा लोकांच्या भाषेत पोहोचावी म्हणून. मरियामातेचे स्तोत्र आपण गातो, त्यात गर्विष्ठांचे पतन आणि भुकेल्यांची तृप्ती आहे. न्यायाविना गायिलेली गीते देवाला नकोशी होतात, हे आमोस संदेष्ट्याने बजावलेच आहे.

म्हणून गायकवृंदांच्या प्रमुखांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ३ नोव्हेंबरला संत मार्टिन यांचा सण येतो. त्या दिवशीच्या मिस्साची गीते निवडताना एकदा आपल्या गायकवृंदाकडे पाहा. धर्मग्रामातील कोणत्या पाड्याचा, कोणत्या वस्तीचा आवाज त्यात नाही, हे मोजा, आणि त्या घरी जाऊन निमंत्रण द्या. त्यावरही कोणी ‘देवळात राजकारण नको’ असे म्हणाले, तर त्यांना आमच्याकडे पाठवा.