मोटारीचा फूटव्हॉल्व्ह बघतो, पायाचा कोण बघणार?

बागेत विरळणी चालू आहे. मण्यांच्या साईजबद्दल उद्या लिहीन, आज विषय वेगळा.

काल जेवायच्या सुट्टीत टोळीतल्या एका मावशींनी पायावरचं फडकं सोडलं. घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळपट, मध्ये रुपयाएवढी जखम, पोटरीवर दोरीसारख्या वळलेल्या निळ्या शिरा. "दिवाळीच्या आधीपासून आहे दादा. हळद लावते, भरत नाही." तीन हंगाम त्या माझ्या बागेत येतायत, मी कधी विचारलं नाही. म्हशीचा पाय सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो.

विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी खाली उतरतं. पायाच्या शिरांचं तसंच. आत एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा असतात आणि पोटरी हा पंप. चाललं की पोटरी आवळते, रक्त वर जातं. मांडवाखाली हात वर करून दिवसभर एका जागी उभं राहिलं की पंप बंद, सगळा भार खाली. बाळंतपणं, वजन, घरात आधी कुणाला असणं, हीही कारणं आहेतच.

फुगलेली शीर तेल चोळून किंवा व्यायामानं जात नाही, हे आधीच सांगतो. पण सूज आणि ठणका कमी होतो. ओळ संपली की थोडं चालायचं, उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायच्या. सुट्टीत आडवं पडून पाय क्रेटवर, छातीपेक्षा उंच. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच घ्या. पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर ते अपाय करतात. शीर फुटून रक्त आलं तर झोपवा, पाय वर धरा, स्वच्छ कापडानं दाबून ठेवा. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखतोय, गरम लागतोय तर चोळू नका, लगेच दवाखाना गाठा. आत गुठळी असू शकते.

आता खरी अडचण. काम एकरी उक्तं दिलेलं असतं. मी मोठेपणानं "बसा जरा" म्हणतो, पण ते बसणं त्यांच्याच पैशातून जातं. मग कोण बसेल? माझं म्हणणं, उक्त्याचा दर ठरवतानाच विश्रांतीचा वेळ त्यात धरायचा. शेजारचे भाऊ म्हणाले, एकरी खर्च वाढेल. वाढेल की! जीएचं एखादं जादा डिपिंग करताना आपण एवढा हिशेब मांडतो का?

मी यंदा दर वाढवून सकाळी आणि दुपारी पंधरा-पंधरा मिनिटं ठरवून दिलीत. टोळीला पहिल्या दिवशी ते खरंच वाटेना.

मावशींना उद्या तालुक्याला दाखवायला नेतोय. टोळीच्या हिशेबात त्यांचा दिवस धरलाय. तुमच्याकडं उक्त्यात हे कसं बसवता, जरूर कळवा.