विश्लेषण : खाऱ्या टाकीत बारीक बुडबुडे दिसले, म्हणून प्रोटीन स्किमर बंद करावा का?

अहिल्यानगर शहरापासून समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या समोरच समुद्र होता. नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या घरात क्लाउनफिश पाळायचा, तर आरओच्या पाण्यात क्षार मिसळून समुद्र घरीच बनवावा लागतो. एवढ्या खटाटोपानंतर टाकीत टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे फिरू लागले, की पाणी धुरकट दिसते आणि अनेकांचा हात आधी प्रोटीन स्किमरच्या बटणाकडे जातो. हा उपाय सोपा असला तरी चुकीचा आहे. पाणीटंचाईची सवय असलेल्या जिल्ह्यात तर तो महागातही पडतो.

स्किमर नेमके काय करतो?

डाळ शिजताना वर फेस येतो आणि तो चमच्याने काढून टाकला जातो. स्किमरचे काम साधारण असेच असते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून पाण्यात उतरणारी प्रथिने हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात. स्किमरचा पंप पाण्यात हवा घुसळतो, बुडबुडे वर चढतात आणि घाण घेऊन आलेला फेस वरच्या कपात साचतो. ही घाण कुजून तिचे अमोनिया आणि नायट्रेट होण्याआधीच बाहेर पडते.

गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून पटकन मोठे होतात. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे ते सहज मिसळत नाहीत, बारीकच राहतात. म्हणूनच स्किमर खाऱ्या पाण्यात उत्तम चालतो. पण हेच बारीक बुडबुडे पुढे डोकेदुखी ठरतात.

बुडबुडे टाकीपर्यंत कसे पोहोचतात?

बुडबुडा जितका लहान, तितका तो सावकाश वर चढतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर जातो. व्यास निम्मा झाला, तर वेग एक चतुर्थांश होतो.

आता टाकीखालच्या संपचा हिशेब पाहू. संपचा कप्पा ३० सेंटिमीटर रुंद, त्यात पाणी २० सेंटिमीटर खोल आणि तासाला १५०० लिटर प्रवाह असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे ०.७ सेंटिमीटर पुढे सरकते. तळाजवळच्या त्या बुडबुड्याला वर यायला ४० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पाणी २८ सेंटिमीटर पुढे गेलेले असते. स्किमर आणि रिटर्न पंप यांच्यात तेवढे अंतर नसेल, तर बुडबुडा पंपात जाणार आणि तिथून टाकीत येणार. अशा वेळी स्किमर बिघडलेला नसतो. पाण्याला थांबायला जागा कमी पडलेली असते.

दोष खरेच स्किमरचा आहे का?

हे तपासणे सोपे आहे. स्किमर फक्त तासभर बंद ठेवावा. बुडबुडे थांबले, तर ते स्किमरचे. थांबले नाहीत, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे.

नगरच्या उन्हाळ्यात हे दुसरे कारण हमखास आढळते. बाष्पीभवनाने पाणी घटते आणि आडपट्ट्या असलेल्या संपमध्ये ही घट फक्त रिटर्न पंपाच्या कप्प्यात दिसते. पातळी खाली गेली, की पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि बोल मात्र स्किमरला लागतो. इथे उपाय म्हणजे रोज आरओचे साधे पाणी घालणे. खारे पाणी घालू नये. कारण वाफ पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात.

पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा सैल जोड किंवा वरून धबाधबा कोसळणारा पाइप हीदेखील कारणे असतात. सैल जोडाकडे दुर्लक्ष करू नये. दाबाखाली पाण्यात जास्त हवा विरघळली, तर माशांना वायुबुडबुड्यांचा आजार होऊ शकतो. एरवी थोडेसे बुडबुडे माशांना मारत नाहीत. ते डोळ्यांना खुपतात, एवढेच.

वीज परत आल्यावरच फेस का उसळतो?

वीज गेली, की रिटर्न पंप थांबतो आणि टाकीतले काही पाणी संपमध्ये उतरते. तिथली पातळी वाढून स्किमर नेहमीपेक्षा खोल बुडतो. वीज येताच तो त्याच अवस्थेत सुरू होतो, कप भरून वाहतो आणि बुडबुड्यांचा लोट टाकीत येतो. स्किमरची जोडणी वेगळ्या बटणावर ठेवावी. रिटर्न पंप आधी सुरू करून दहा-पंधरा मिनिटांनी, पातळी जागेवर आल्यावर, स्किमर लावावा. वारंवार वीज जाणाऱ्या गावात हे एक बटण महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत?

आधी फूटपट्टी घ्यावी. स्किमरसाठी उत्पादकाने सांगितलेली पाण्याची खोली आणि प्रत्यक्षातली खोली जुळते का, ते पाहावे. पाणी जास्त असेल, तर स्किमर स्टँडवर उचलावा. नंतर हवेची आणि पाण्याची झडप थोडी थोडी फिरवावी आणि दर बदलानंतर एक दिवस वाट पाहावी.

स्किमर नवा असेल, तर काही दिवस ते दोन आठवडे थांबावे. त्याच्या प्लास्टिकवरचा तेलकट थर जाईपर्यंत बुडबुडे सुटतातच. पाण्यात नुकतेच औषध, क्लोरीन घालवणारे द्रव्य किंवा चिकटवण्याची पुट्टी गेली असेल, तरी फेस उसळतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर स्किमरचे तोंड संपच्या भिंतीकडे वळवावे, मध्ये काचेच्या आडपट्ट्या बसवाव्यात किंवा स्पंज लावावा. मात्र स्पंज दर आठवड्याला धुवायला हवा. नाहीतर त्यातच घाण कुजते. दुसरा, मोठा स्किमर विकत घेणे हा या यादीतला शेवटचा उपाय आहे.

बंदच ठेवला तर काय बिघडते?

घाण बाहेर पडली नाही, की पाणी जास्त वेळा बदलावे लागते. २०० लिटरच्या टाकीत एका वेळी २० टक्के म्हणजे ४० लिटर पाणी बदलले, तर लिटरमागे ३५ ग्रॅमप्रमाणे सुमारे १.४ किलो क्षार लागतात. घरगुती आरओ यंत्र एका लिटरमागे तीन लिटर पाणी सोडत असेल, तर १२० लिटर नाल्यात जाते. असा एक जादा बदल म्हणजे १६० लिटर पाणी.

पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवणारे हिवरे बाजार याच जिल्ह्यातले आहे. जिथे शेतकरी पाण्याचा हिशेब ठेवतो, तिथे हौशी माणसालाही तो ठेवावा लागेल. आरओने सोडलेले पाणी किमान फरशी पुसायला वापरता येते. पण मुळात ते कमी सोडावे लागणे जास्त चांगले.

स्किमरशिवाय टाक्या चालतात, हेही खरे. पण तिथे मासे मोजके असतात, घाण शोषायला शेवाळ वाढवलेले असते आणि पाणी ठरलेल्या दिवशी बदलले जाते. तो आधीपासून आखलेला मार्ग आहे. स्किमरच्या भरवशावर मासे भरलेल्या टाकीत अचानक बटण बंद केले, तर पाणी स्वच्छ दिसेल आणि आतून बिघडत जाईल. बुडबुडे डोळ्यांना दिसतात; अमोनिया दिसत नाही. माशांचा जीव जातो तो न दिसणाऱ्या गोष्टीने. म्हणून स्किमर चालू ठेवावा आणि बुडबुड्यांची वाट शोधून ती बंद करावी.