औषध आले, पण ते तपासणार कोण?



३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा होता का, यावर वाद झाला. रुग्णालयाने तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदी, खाटा, रिक्त पदे यांवर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ते मृत्यू चुकीच्या औषधाने झाले, असे माझे म्हणणे नाही. पण एक प्रश्न मागेच राहिला. औषध आले, तरी ते बरोबर रुग्णाला, बरोबर मात्रेत जाते का, हे पाहणारा माणूस कुठे आहे?

आयसीयूतल्या रुग्णाला एकाच वेळी दहा-बारा औषधे चालू असतात. मूत्रपिंड थकले की अमिकासिनसारख्या अँटिबायोटिकची मात्रा बदलावी लागते. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय थांबते. नवजात बाळाला सेफट्रायॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र गेले तर रक्तात खडे धरू शकतात. बाळाचा डोस वजनावर ठरतो. दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो.

हे सगळे सांभाळायचे कुणी? निवासी डॉक्टरला झोप नसते. एकेका सिस्टरकडे चार-पाच गंभीर रुग्ण असतात. औषध टोचणारा हात सिस्टरचा, म्हणून शेवटची तपासणीही तिचीच. तिच्या नजरेतून सुटले तर पुढे अडवणारे कुणी नाही.

म्हणून क्लिनिकल फार्मासिस्ट हवा. हा खिडकीत बसून गोळ्या देणारा नव्हे. तो डॉक्टरांबरोबर राऊंड घेतो, केसपेपर वाचतो, मात्रा तपासतो, कोणते औषध कशाबरोबर चालत नाही ते तिथेच सांगतो. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आयसीयूच्या राऊंडला असा फार्मासिस्ट नेमला. औषध लिहितानाच्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्यासारखे अपाय ६६ टक्क्यांनी घटले. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आहे. पण शासकीय रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकाऱ्याचा दिवस साठा मोजण्यात आणि खिडकीवरची रांग संपवण्यात जातो.

कुणी म्हणेल, आधी औषधे तर द्या, फार्मासिस्टचे नंतर बघू. मला उलट वाटते. तुटवडा असतो तेव्हाच गोंधळ वाढतो. चिठ्ठी घेऊन नातेवाईक मेडिकलवर पळतो आणि मिळेल ती कंपनी, मिळेल ती ताकद घेऊन येतो. काल १०० मिलिग्रॅमची बाटली होती, आज २५० ची. हा फरक रात्री दोन वाजता कुणाच्या लक्षात यावा? पैसेवाले मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात जातील. आपल्या वस्तीला विष्णुपुरी किंवा लातूरचे विलासराव देशमुख शासकीय रुग्णालय हाच आधार आहे. तिथली सुरक्षितता आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत.

तोवर घरच्यांनी एवढे करावे. बीपी, शुगर, फिट्स, टीबी यांच्या चालू गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत ठेवा आणि भरती करताना ती दाखवा. वैदूचे किंवा झाडपाल्याचे औषध घेतले असेल तर लपवू नका. एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर केसपेपरवर लिहून घ्या. डिस्चार्जच्या वेळी कोणती गोळी बंद, कोणती चालू, हे विचारूनच निघा. औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

आणि विहारातल्या पुढच्या बैठकीत एक निवेदन तयार करा. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी अधिष्ठात्यांना भेटून मागणी करा: प्रत्येक आयसीयूत आणि नवजात बालकांच्या कक्षात, प्रत्येक पाळीला, एक क्लिनिकल फार्मासिस्ट. पद मंजूर करून कायमचा भरा, कंत्राटावर नको. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली कर्ज काढून फार्मसी शिकली आणि आज मेडिकलच्या काउंटरवर तुटपुंज्या पगारात उभी आहेत. त्यातल्या पात्र मुलांना हे काम मिळाले, तर त्यांच्या शिक्षणाचे चीज होईल आणि आपली माणसेही वाचतील.