चावी लागते म्हणून ट्रॅक्टर आपला होत नाही

पेरणीचे दिवस जवळ आले की गावोगाव एक तक्रार हमखास ऐकू येते. पोलीस ठाण्यापर्यंत ती क्वचितच जाते, पारावर मात्र रोज असते. ''रात्री कुणीतरी ट्रॅक्टर नेला, पहाटे जागेवर आणून लावला. टाकीत डिझेल नाही अन् रोटाव्हेटरची दोन पाती मोडलेली.'' कुणी नेला हे मालकाला ठाऊक असते. चुलतभाऊ, मेहुणा, नाहीतर बांधाशेजारचाच कुणीतरी. त्यामुळे मालक तोंड उघडत नाही. दोन घरांचे जाणे-येणे तेवढे बंद होते.

अवजार मागून नेण्याची आपली रीत जुनी आहे. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी पैरा करायचा. सावड होती, इर्जिक होती. पण या सगळ्यात आधी विचारणे होते. दावणीचा बैल न विचारता सोडून नेला असता तर गावाने त्या माणसाला सरळ चोर म्हटले असते. शिवाय बैल दमलेला दिसतो, त्याच्या खांद्यावरचे आवाळू मालकाला सकाळी कळते. ट्रॅक्टर बोलत नाही. गिअरबॉक्समधला आवाज महिन्याने सुरू होतो, तोवर कुणी काय केले हे सिद्ध करणार कोण? त्यातून अनेक जुन्या ट्रॅक्टरना कुठलीही चावी चालते. आणि रोटाव्हेटर लावला की तासाला 4-5 लिटर डिझेल जाते, म्हणजे एका रात्रीत मालकाला बसणारा फटका लहान नसतो.

''चोरला कुठं? सकाळी आणून लावला की!'' हे उत्तर ठरलेले. कायद्याला ते मान्य नाही. 1952 साली जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या दोन प्रशिक्षणार्थींनी परवानगी नसताना एक हार्वर्ड विमान उडवले आणि ते थेट पाकिस्तानात उतरले. त्यांच्यापैकी मेहरा याचे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1957 साली न्यायालयाने निकाल दिला की, वस्तू कायमची लाटायचा हेतू नसला, तात्पुरती नेली, तरी संमतीवाचून अप्रामाणिकपणे नेणे ही चोरीच ठरते. विमानाला जो न्याय, तो ट्रॅक्टरला नाही असे कोण म्हणेल?

अर्थात याच कायद्याला माणुसकीही कळते. 1860 च्या दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली एक उदाहरण दिले होते. मित्राच्या घरी मित्र नसताना त्याचे पुस्तक वाचायला नेले, परत द्यायचेच होते, आणि त्याची हरकत नसणार असे मनापासून वाटले, तर ती चोरी नव्हे. आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही चोरीचे कलम, म्हणजे 303, अशीच उदाहरणे देते. भावाभावांत खोरे-पाटी नेली तर हे उदाहरण खुशाल सांगावे. पण मागच्या वेळी ज्याने तोंडावर ''नको'' म्हटले, त्याचा ट्रॅक्टर तो झोपल्यावर नेणाऱ्याने सांगू नये. मोटार वाहन कायद्याचे 197 वे कलम तर मालकाच्या संमतीशिवाय वाहन नेण्याबद्दलच आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड पाच हजारांपर्यंत.

डिझेल आणि पात्यांचे नुकसान पैशाने भरून निघते. खरी धास्ती अपघाताची. बांध ओलांडताना ट्रॅक्टर उलटला, रस्त्यावर ट्रॉलीचा धक्का कुणाला लागला, तर आरसीवर नाव कुणाचे? नुकसानभरपाईच्या दाव्यात मालकाला प्रतिवादी करतातच. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर विमा कंपनी आधी भरपाई देते आणि मग ती मालकाकडून वसूल करू पाहते. ''मला माहीतच नव्हते'' हे मालकाने कोर्टात सिद्ध करीत बसायचे. आणि रात्री चालवणारा बऱ्याचदा नववी-दहावीतला पोरगा असतो, हे सगळ्या गावाला माहीत असते. कलम 199-अ प्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्या नकळत नेली हे दाखवता आले तरच सुटका. काल ज्याने शेजारधर्म म्हणून तक्रार दिली नाही, त्याच्या हाती आज दाखवायला काय असते?

विहिरीवरच्या मोटारीचेही तेच. रात्रीच्या पाळीला वीज आली की दुसऱ्याचा स्टार्टर दाबून आपल्या रानाला पाणी घेणारे महाभाग आहेत. पाणी संपले तरी बटण बंद करायला कुणी जागे नसते. मोटार कोरडी चालते, जळते, आणि वाइंडिंगचा खर्च मालकाच्या बोकांडी.

याहून आम्हाला जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून, आणि नंतर पोकरा प्रकल्पातून, शेतकरी गटांना अवजारे बँकांसाठी अनुदान मिळाले. ज्याला एवढे मोठे यंत्र घेणे परवडत नाही त्याला ते वाजवी भाड्याने मिळावे, हा त्यामागचा उद्देश. काही गटांनी ते चोख चालवलेही आहे. पण कित्येक ठिकाणी गटाचे पेरणीयंत्र अध्यक्षांच्या शेडमध्ये असते आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात ते अध्यक्षांच्या आणि त्यांच्या सोयऱ्यांच्याच रानात फिरते. सभासद विचारायला गेला तर ''सर्व्हिसिंगला गेलंय'' असे सांगतात. गरीब सभासदाने त्याच यंत्राची चावी न विचारता उचलली असती तर त्याच अध्यक्षांनी फिर्याद दिली असती. सरकारचे अनुदान आणि सभासदांची वर्गणी, म्हणजे मालक सगळे. मग न विचारता वापरणारा इथे कोण ठरतो?

उपाय काही फार मोठे नाहीत. ट्रॅक्टरला तासमापक असतोच. रात्री लावताना आकडा पाहून ठेवायची सवय मालकाने लावावी, चावीचे कुलूप बदलून घ्यावे, स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालावे. एकदा न विचारता नेल्याचे कळले तर निदान पोलीस पाटलाच्या कानावर घालावे. भांडण वाढवायला नव्हे, पुढे अपघात झाला तर आधी हरकत घेतल्याचे कुणीतरी सांगू शकावे म्हणून. आणि गटाच्या यंत्रांची वही असावी. कुणी, कोणत्या दिवशी, किती तास नेले, भाडे किती भरले. ही वही 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवा अशी मागणी करायला सभासदाला कुणाची परवानगी लागत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्यांनीही गावात आल्यावर शेडमधले यंत्र पाहण्याबरोबर ती वही मागावी, आणि वहीतले तास यंत्राच्या मीटरशी ताडून पाहावेत.