दारू बंद करा, असं म्हणालं कोण?

14 ऑक्टोबर 2023 रोजी ऑस्ट्रेलियाने सार्वमत घेऊन आदिवासींचं राष्ट्रीय सल्लागार मंडळ राज्यघटनेत घालायला नकार दिला. ‘व्हॉइस’ नावाच्या या मंडळाच्या हाती ना नकाराधिकार येणार होता, ना तिजोरीची किल्ली. संसदेला आणि सरकारला चार शब्द सांगायचे, एवढंच त्याचं काम. तेवढंही सुमारे साठ टक्के मतदारांना आणि सहाच्या सहा राज्यांना जड झालं.

विरोधकांचा बिनीचा मुद्दा हा: नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये दारू, मारहाण, घरफोड्यांनी लोक जेरीस आलेत, तिथे पोलीस हवेत, कॅनबेरातली समिती काय कामाची? ऐकायला बिनतोड. पण घटनाक्रम लावून पाहा. टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांवरची केंद्राची दारूबंदी जुलै 2022 मध्ये मुदत संपून उठली. ती अशी एकाएकी उठवू नका, असं आदिवासींच्याच आरोग्यसंस्था आधीपासून बजावत होत्या. ऐकलं गेलं नाही. गुन्हे भडकले, जानेवारी 2023 मध्ये पंतप्रधान अल्बनीझ धावतपळत तिथे पोचले आणि निर्बंध परत आणावे लागले.

दुसरा मुद्दा ‘ॲट्सिक’चा. 1990 मध्ये निघालेलं आदिवासींचं हे आधीचं मंडळ गैरकारभाराच्या आरोपांनंतर 2005 मध्ये बरखास्त झालं. आरोप झाले, हे खरंच. पण ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळत नाही. शिवाय साध्या कायद्याने आलेलं मंडळ साध्या कायद्याने गेलं. म्हणून तर यावेळी घटनेचा आधार मागितला होता.

तिसरा मुद्दा: ‘आदिवासींनाच हे नको आहे.’ ॲलिस स्प्रिंग्जमधल्या सिनेटर जसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस स्वतः आदिवासी, आणि विरोधात आघाडीवर. त्यांचं मत त्यांचं आहे. पण आदिवासीबहुल भागांत, म्हणजे वाडये वस्तीच्या मतदान केंद्रावर सुमारे 92 टक्के आणि तिवी बेटांवर 84 टक्के मतं ‘हो’ची पडली.

राहिला वंशभेदाचा आक्षेप, की असं मंडळ देशाला वंशावरून दुभंगेल. आपल्या घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासी सल्लागार परिषद 1950 पासून आहे. त्याने देश दुभंगला नाही. अर्थात, परिषद असून मेळघाटातलं कुपोषण संपलं नाही, हेही खरं. सल्ला विचारणं आणि मानणं यांत अंतर असतं. पण न विचारलेला सल्ला मानणार कसा?

वस्तीचं ऐकलं की काय होतं, ते 2007 मध्येच दिसलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्लीतल्या फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आदिवासी बायकांनी, आत्महत्या आणि अंत्ययात्रांनी पिचून, स्वतःच मागणी केली: हलकी बिअर सोडून कुठलीही दारू दुकानातून घरी नेऊ देऊ नका. गावात विरोध झाला, तरी त्यांच्यातल्या जून ऑस्कर आणि त्यांच्या सोबतिणी हटल्या नाहीत, आणि निर्बंध लागू झाले. त्याच वर्षी शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत सरकारने वस्त्यांना न विचारता लष्कर धाडलं आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदाही बाजूला ठेवला. दारूवर निर्बंध दोन्हीकडे आले. एकीकडे ते गावाचे होते, दुसरीकडे गावावर लादलेले.

मंडळ नाकारलं, तरी या वस्त्यांविषयीचे निर्णय कॅनबेरात होतच राहणार. ते विचारून घ्यायचे की न विचारता, एवढाच सार्वमताचा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियाने त्याचं उत्तर चुकीचं दिलं.