नावे वाचून पाहिलीत का?



गेल्या महिन्यात मुलीकडे पुण्यास जाणे झाले. रविवार मोकळा होता, म्हणून सौ. आणि मी सकाळीच जुन्या बाजाराकडे निघालो. कुंभारवेशीच्या परिसरातील हा बाजार रविवारी व बुधवारी भरतो. बँकेतील नोकरीची बहुतेक वर्षे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाखांत गेली. त्या काळात या बाजाराविषयी सहकाऱ्यांकडून पुष्कळ ऐकले होते, पण पाहण्याचा योग आला तो निवृत्तीनंतरच.

जाताना वाटेत कसबा पेठेतील तांबट आळी लागली. तेथे एका कारागिराकडून तांब्याचे मठारकाम केलेले पिंप घेतले. पत्रा किती वजनाचा, ठोके कोणी दिले, कल्हई कोणाची, हे सारे त्याने न विचारता सांगितले. विकणारा आणि घडविणारा एकच असला की वस्तूचा पूर्वेतिहास तिच्यासोबतच ग्राहकाच्या हाती येतो.

जुन्या बाजारात मात्र अगदी उलट अनुभव आला. जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर पितळी कुलुपे, अडकित्ते, समया, कंदील, ग्रामोफोनच्या तबकड्या, पाने-पकडी, वापरलेले बूट असा संसार मांडलेला होता. कोणतीही वस्तू उचलावी आणि किंमत विचारावी. उत्तर तत्काळ मिळते. ती कोठून आली हे विचारले की विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहू लागतो. एकाने मला रामदरबाराचे चित्र आणि १८१८ हे साल असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे ‘दुर्मिळ’ नाणे दाखविले. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नव्हते. तरीही देवाच्या नावाखाली ही बनावट नाणी आजही गावोगाव खपतात. मी ते नाणे हसून परत केले.

पुढच्या चादरीवर पितळी भांड्यांचा ढीग होता. त्यातील एक डबा सौ.ने उचलला. त्याच्या काठावर एका स्त्रीचे नाव, खाली ‘तासगाव’ आणि १९६२ हे साल कोरलेले होते. लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडील रीत वाचकांच्या परिचयाची आहेच. तो डबा पाहून मला एक जुना प्रसंग आठवला आणि मी काही क्षण तेथेच उभा राहिलो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. आमच्या वडिलोपार्जित घराच्या तळमजल्यात पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर धाकटा बंधू आणि मी माळ्यावरची व फडताळातली चिखलाने माखलेली पितळी भांडी पोत्यांत भरली आणि मोडीच्या भावाने विकली. एकूण वजन चौतीस किलो भरले. दर मी स्वतः घासाघीस करून वाढवून घेतला आणि हिशेब दोनदा तपासला. मातोश्री त्या वेळी हयात होत्या. त्यांनी रकमेविषयी काहीच विचारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, नावं तरी वाचून पाहिलीत का?”

आम्ही ती वाचली नव्हती.

हे सारे मनात घोळत असतानाच सौ.ने माझी बाही ओढली. शेजारच्या चादरीवर, गंजलेल्या नळांच्या आणि बिजागऱ्यांच्या मध्ये, पार्श्वनाथ भगवंतांची चार बोटे उंचीची धातूची प्रतिमा होती. मस्तकावर सात फणा, मुद्रा झिजलेली, पण स्पष्ट ओळखू येणारी. सौ.ने हात जोडले. घरून निघताना पूजेची शुद्धी नव्हती म्हणून तिने स्पर्श केला नाही. विक्रेत्याने मात्र प्रतिमा सहज उचलून उलटी केली. पाठीवर बारीक अक्षरे होती. त्यातील ‘संवत’ हा शब्द तेवढा मला लागला. पुढचे आकडे व नाव घासले गेले होते.

“काका, साडेतीन हजार. देवाचं काय मोल करायचं? तुम्ही तीन द्या.”

“ही आली कोठून?”

“भंगारात येतं काका. कोण विचारतंय?”

सौ. हळूच म्हणाली, “अहो, घेऊन टाकू या. केवढी ही आशातना!”

वाचकहो, माझ्या खिशात पैसे होते आणि मनातही तेच होते. परंतु सोनेतारण कर्जे देण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत. दागिन्याचा कस आणि वजन सराफ नंतर पाहतो. त्याआधी कर्जदाराने हा दागिना स्वतःच्या मालकीचा असल्याचे लिहून द्यावे लागते. कितीही शुद्ध सोने असो, मालकीची शंका आली की आम्ही ते परत करीत असू. समोरची प्रतिमा एखाद्या कुटुंबाने घर बदलताना अज्ञानाने टाकली असेल, किंवा एखाद्या मंदिरातून चोरीस गेली असेल. यांपैकी खरे कोणते, हे तीन हजार रुपये दिल्याने कळणार नव्हते.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केले आहेत. दुसऱ्यास चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडणे, मापात खोट करणे आणि नकली मालाचा व्यवहार करणे. आपण व्यापारी माणसे. यांतील मापाच्या अतिचाराला जपतो आणि उरलेले दुसऱ्यांसाठी आहेत असे समजतो. परंतु त्या चादरीपुढे उभे असताना पाचांपैकी निदान तीन माझ्या समोर होते. चोरीची मूर्ती श्रद्धेपोटी विकत घेणारा जोवर आहे, तोवर ती चोरणाराही राहणार.

राज्याचा नियमही स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी मूर्ती हा पुरावशेष ठरतो. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि धातूच्या जुन्या मूर्तींची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते.

मी हे सारे सौ.ला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे भगवंतांना इथेच ठेवून जायचं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. विक्रेत्याच्या संमतीने मी प्रतिमेची पुढून व मागून छायाचित्रे घेतली. दुपारी जवळच्या पेठेतील जिनमंदिरात जाऊन ती विश्वस्तांना दाखविली. अन्य मंदिरांकडे चौकशी करून, पोलिसांच्या कानावर घालून पुढे काय ते ठरवू, असे त्यांनी सांगितले. त्यांचे एक कार्यकर्ते बुधवारी बाजारात गेले, तेव्हा प्रतिमा तेथे नव्हती. रविवारीच सायंकाळी कोणीतरी नेली होती. नेणारा श्रावक होता की व्यापारी, हे आता कधीही कळणार नाही.

मी चुकलो का? सौ.चे मत आजही तसेच आहे आणि ते खोडून काढण्याचे धैर्य मला होत नाही. मूर्ती विकत घेणे मला योग्य वाटत नव्हते. परंतु तेथे थांबून त्याच वेळी विश्वस्तांना बोलावून घेणे शक्य होते, ते मला सुचले नाही. छायाचित्र काढले की कर्तव्य संपले, असे मी मानले.

त्याच दुपारी आम्ही राजा दिनकर केळकर संग्रहालयातही गेलो होतो. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून जमविलेला तो संग्रह त्यांनी १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. तेथील दिवे, अडकित्ते, कुलुपे सकाळी चादरीवर पाहिलेल्या वस्तूंचीच भावंडे होती. येथे मात्र प्रत्येक वस्तूला कोणीतरी ‘तू कोण?’ असे विचारलेले होते.

साताऱ्यास परतल्यावर दुसऱ्या दिवशी स्नान करून देवघरातील आमची पार्श्वनाथांची प्रतिमा मी प्रथमच उलटी करून पाहिली. सांगलीच्या पुरात ती तेवढी बंधूने वरच्या मजल्यावर नेली होती, म्हणून वाचली. साठाहून अधिक वर्षे मी तिची पूजा करीत आलो आहे. पाठीवर संवत १९५४, म्हणजे इसवी सन १८९७-९८, आमच्या खापरपणजोबांचे नाव आणि एका गावाचे नाव आहे. ते गाव आमच्या घरात कोणासही ठाऊक नव्हते. बाजारातल्या विक्रेत्याला मी मोठ्या तोऱ्याने ‘ही आली कोठून’ असे विचारले होते. तोच प्रश्न मला कोणी विचारला असता, तर माझे उत्तर त्याच्याहून फारसे वेगळे नसते. शंभर वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत आणि प्रतिमेची नोंदणी आम्हीही केलेली नाही. त्या अर्जाची तयारी आता सुरू केली आहे.

आपणांस विनंती एवढीच. येत्या सुटीच्या दिवशी घरातील प्रतिमांची आणि जुन्या पोथ्यांची एका वहीत नोंद करावी. उंची, वजन, पाठीवरील लेख, चारही बाजूंची छायाचित्रे त्यात असावीत, आणि त्या वहीची एक प्रत लेकीसुनांकडेही राहावी. घर बदलताना काही द्यायचेच झाले तर प्रतिमा मंदिराच्या विश्वस्तांकडे रीतसर पोहोच घेऊन सोपवावी. भांडी मोडीत घालण्यापूर्वी काठावरून एकवार बोट फिरवावे.

तासगावचा तो डबा मी विकत घेतला. साडेचारशे रुपये पडले. तासगावात त्या नावाचे घर शोधण्याचे काम सध्या चालू आहे.

जय जिनेंद्र.